ग्लास कुठल्या हातात होता

एकतीस वर्षं माझं काम एवढंच:
कट म्हणायच्या आधी ग्लास कुठल्या हातात होता,
सिगारेट किती जळली होती,
गाडीचा डावा दिवा फुटलेला होता की फुटायचा होता.
वहीत लिहायचं. शॉटला शॉट जुळवायचा.
बाकी सगळं मॉर्व्हान करायचा.
एमेरिक मॉर्व्हान, सँतेतिएनच्या खाटकाचा धाकटा,
बोलताना अजून हवेत सुरी चालवणारा.

पहिला सिनेमा हाणामारीचा. अगदी गंभीर.
तूलोंची गोदी, रात्रीचे अकरा.
खलनायकाची काळी सित्रोएन धडाडत येणार
आणि थेट पाण्यात.
ती आली.
धक्क्याच्या कडेला पुढची दोन चाकं हवेत गेली
आणि तिथेच अडली, पोट टेकून,
जेवून उठवत नाही अशा माणसासारखी.
दुसऱ्या गाडीला पैसे नव्हते.
मॉर्व्हान कट म्हणायचं विसरला.
स्टंटवाला बास्तियँ दार उघडून उतरला,
टोपी सारखी केली,
गाडीकडे पाहिलं,
आणि एका बोटाने तिला ढकललं.
डुबुक.

लियाँला पहिल्या खेळाला
आम्ही शेवटच्या रांगेत अंग चोरून बसलो.
आधी एक बाई हसली, मग तिचा नवरा,
मग सगळं थिएटर, खुर्च्यांसकट.
मॉर्व्हान पांढराफटक. थोड्या वेळाने माझ्या कानाशी:
तो बोटाचा शॉट किती सेकंदांचा?
साडेचार, मी म्हटलं.
पुढच्या वेळी सहा.

ते दीड सेकंद त्याने आयुष्यभर विकले.
खरबुजांच्या ट्रकवर चढणारी पोलिसांची मोटार,
एकाच दोरीला लोंबकळणारे दोन दरोडेखोर,
आणि दोघांचं भांडण, आधी कोणी सोडायचं यावर.
पॅरिसच्या समीक्षकांनी नाकं मुरडली.
तिकीटखिडकीला नाक नसतं.
खाटकाने दुकानात पोस्टर लावलं, डुकराच्या मांडीशेजारी,
आणि मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की
म्हणायचा, गाड्या मोडतो.

ग्रनोबलच्या वरचा पूल.
याबद्दल मॉर्व्हान मुलाखतींत बोलायचा नाही.
मी बोलते, कारण वही माझ्याकडे आहे.
टेक पाच: उडी बरोबर, दोन्ही चाकं एकदम टेकली, चांगला.
चांगला हा शब्द माझ्या अक्षरात आहे.
मॉर्व्हानला आणखी एक हवा होता.
बास्तियँने खांदे उडवले, टोपी सारखी केली.
टेक सहा: उजवं चाक आधी.
त्यापुढे पान कोरं.
मी तोंडाने म्हणाले नव्हते, पाच चांगला आहे.
लिहिलं होतं फक्त.

त्यानंतर त्याच्या सिनेमात गाड्या हळू चालायला लागल्या.
लोकांना कळेना हसायचं कुठे.
एक पडला, मग दुसरा.
मग साबणाच्या जाहिराती. मग चार वर्षं काहीच नाही,
नुसते फोन, रात्री बेरात्री:
तुझ्याकडे त्या वह्या आहेत ना?
आहेत.
फेकू नकोस.
एवढंच.

शेवटच्या सिनेमात एक म्हातारा
आपल्याच गल्लीत गाडी लावायचा प्रयत्न करतो. नऊ मिनिटं.
म्हातारा म्हणजे बास्तियँ.
उजवा हात कोपराखाली नावापुरता.
गाडी लागते. तो कॅफेत बसतो. ग्लास उचलतो.
त्या दिवशी काय झालं कोण जाणे,
जुन्या सवयीने त्याने तो उजव्या हाताने उचलला.
उचलला गेला.
ओठांपर्यंत नेला, थेंबही सांडला नाही.
पुढच्या शॉटला तो हात पुन्हा मांडीवर मेलेला,
ग्लास डाव्यात.

शॉट जुळत नव्हता.
शाळेतल्या पोराच्याही लक्षात आलं असतं.
मॉर्व्हानने माझ्याकडे पाहिलं.
आणखी एक, असं तो म्हणाला असता,
मी वहीतून मान वर केली असती तर.

मी पेन्सिलीला टोक काढत राहिले.